चिमूटभर नमुना

अकोल्याच्या एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, मी तीस वर्षं कापूस पारखला. काही हुशार गडी गाडीच्या वरच्या थराला पांढराशुभ्र कापूस लावतात आणि ओला, डागी खाली दडपतात. त्यामुळे वरची चिमूट बघून मी कधी भाव बोललो नाही. कोपरापर्यंत हात घालून आतला मूठभर काढायचा, मगच तोंड उघडायचं.

जिनिंगमध्ये खोकतात सगळेच. रुईचा धुरळा उडतो. हंगाम संपला की खोकलाही जातो. त्या वर्षी हंगाम संपला, माझा खोकला राहिला. वजन उतरलं, मानेत सुपारीएवढी गाठ आली. एक्स-रेत डाग दिसला म्हणून टीबीची औषधं सुरू झाली. दोन महिने इमानदारीने गिळली, तरी गाठ वाढतच होती.

शेवटी बायकोने मला अमरावतीला, छातीच्या डॉक्टरबाईंकडे नेलं. त्यांनी गाठीत सुई घालून नमुना घेतला. रिपोर्ट आला, नक्की सांगता येत नाही.

त्या म्हणाल्या, "टीबी नसेलही. लिम्फोमा, म्हणजे गाठींचा कॅन्सर असू शकतो. सुईत पुरेसं येत नाही. पूर्ण गाठ काढून तपासावी लागेल."

मी साफ नाही म्हणालो. गाठीला सुरी लागली की रोग अंगभर पसरतो, हे मला जिनिंगमधल्या दहा जणांनी सांगितलं होतं, आणि ते दहाही जण मला डॉक्टरांपेक्षा शहाणे वाटत होते. बाईंनी परोपरीने समजावलं. मी खिडकीबाहेर बघत बसलो. खरं सांगायचं तर भ्यालो होतो.

बायको त्यांच्यासमोरच बोलली.

"गाडीतला कापूस तुमी वरून पाहून घेता काय? कोपरापर्यंत हात घालता ना? मंग सोताच्या गाठीचा चिमूटभर नमुना कसा काय चालते तुमाले?"

दुसऱ्या दिवशी गुपचूप ऑपरेशनच्या टेबलावर जाऊन झोपलो.

लिम्फोमाच निघाला, पण औषधाला दाद देणारा. टीबीच्या गोळ्या थांबल्या, केमोची इंजेक्शनं सुरू झाली. केस गेले, तोंडाची चव गेली, बायकोवर विनाकारण खेकसलो. हळूहळू छातीत होत्या त्या गाठीही विरल्या, खोकलाही गेला.

परवा तपासणीला गेलो तेव्हा बाई म्हणाल्या, "टीबी समजून औषधं दिली आणि निघालं भलतंच, अशा रुग्णांवर आम्ही अभ्यास करतोय. तुमच्या गाठीचा उरलेला तुकडा वापरू का?"

"त्याचा यायले काही फायदा?" बायकोने विचारलं.

"यांना नाही. पुढे येणाऱ्या एखाद्याला."

"मंग घ्या की."

मी सही केली. दोघींचेही आभार मानायचे होते. बाईंना हात जोडले, ते सोपं गेलं. बायकोशी बोलायला परतीच्या वाटेवरचं मूर्तिजापूर यावं लागलं. बस थांबली तेव्हा म्हणालो, "तुझ्यामुळं वाचलो मी."

"मले मालूम आहे," ती म्हणाली, आणि माझ्या छातीला वारा लागू नये म्हणून खिडकी लावून घेतली.