फळीवरचं वजन

यंत्र खोटं बोलत नाही. खोटं बोलायला माणूस लागतो. दारव्ह्याबाहेरच्या ज्या कापसाच्या जिनिंगमध्ये मी संगणक चालवायचो, तिथल्या शेटजींनी नव्या वजनकाट्यापुढे नारळ फोडताना हे सांगितलं आणि मीही टाळ्या वाजवल्या. कापसाला भाव नसण्याची ती वर्षं. एकेका किलोवरून आवाज चढत.

काट्यावर एक म्हातारे काकाजी असत. भरली बंडी बैलांसकट चढली की समोर उमटलेलं वजन ते खडूनं बंडीच्या फळीवर लिहीत. जुन्या काट्यापासूनची सवय. पावती माझ्या खोलीत छापली जाई. महिनाभरात शेतकऱ्यांची ओरड सुरू झाली: फळीवर एक, पावतीवर दुसरंच.

गुरुवारी शेटजींनी काकाजींना बोलावलं. "दिसते का नीट, काकाजी? का कास्तकारांसाठी खडू जड करून राह्यले तुमी?"

"मले काट्यावरचं दिसते, शेटजी. मशीनच्या पोटातलं नाही दिसत."

"शनिवारपर्यंत पाहतो. मंग घरी बसा."

मला काही बसवेना. एकाच संगणकात दोन प्रोग्राम होते: एक काट्याकडून वजन घ्यायचा, दुसरा ते पहिल्याला विचारून पावती छापायचा. त्यांचं बोलणं टिपणारा तिसरा मी बसवला आणि दिवसभर नेटवर्कच्या तारेवर पाळत ठेवली. एक शब्द सापडला नाही. घरातल्या घरात बोलणारे तारेवर कशाला येतील, हे सुचायला संध्याकाळ झाली.

शुक्रवारी पाळत संगणकाच्या आतच लावली. दर बंडीला खिडकीशी धावायचो, फळी वाचायचो, परत येऊन नोंद पाहायचो. दुपारी एक बैल माशांनी हैराण झाला. बंडी हलत होती, आकडा स्थिर होईना, तोवर पहिला प्रोग्राम गप्प. दुसऱ्यानं वजन विचारलं, उत्तर नाही. पुन्हा विचारलं, नाही. मग त्यानं आधीच्या बंडीचं वजन छापलं आणि मोकळा झाला.

संध्याकाळपर्यंत असं आणखी दोनदा घडलं. त्यातल्या एका शेतकऱ्याच्या पावतीवर वजन जास्त आलं. तो घाईनं पावती खिशात घालून निघून गेला.

शनिवारी नोंदींचा कागद शेटजींनी उलटसुलट करून पाहिला.

"म्हंजे बैलाची चूक?"

"तसं म्हणा."

काकाजी राहिले. प्रोग्राम दुरुस्त करणारा नागपूरहून आला, तो हंगाम संपल्यावर. तोवर 'संपूर्ण संगणकीकृत वजन' या पाटीखाली मी काकाजींचा खडू वाचून पावत्या पेनानं दुरुस्त करत होतो.