झेनॉनची माफी

गव्हाणे सर तासाला आले की हवेत मूठ आवळायचे. "काय धरलंय?"

"काही नाही, सर."

"गलत! आरगॉन हाय. शंभर भाग हवेत जवळपास एक भाग. निऑन, झेनॉन नावापुरते. सारे नवाब! कुणात मिसळत नाय, कुणाशी संयुग करत नाय."

निजामाच्या काळात उर्दूतून रसायनशास्त्र शिकलेले सर, त्याचं राज्य संपवणाऱ्या पोलीस ॲक्शननंतर औरंगाबादला आमच्या शाळेत मराठीतून शिकवू लागले. माझ्या वर्गातल्या फर्दापूरच्या यमुनेनं एकदा विचारलं, "कधीच नाय का, सर? लई जोर लावला तरी?"

"खामोश! पुस्तकापेक्षा शहाणी?" सरांनी तिला तासभर उभं केलं. नंतर तिनं वर्गात प्रश्नच विचारला नाही. मॅट्रिक होताच तिचं लग्न झालं.

पुढे मी त्याच शाळेत शिक्षिका झाले. एका दुपारी सर नवं पुस्तक घेऊन प्रयोगशाळेत आले. झेनॉनची फ्लोरीन वायूशी संयुगं तयार झाल्याचं त्यात होतं. झेनॉनचा अणू मोठा, बाहेरच्या इलेक्ट्रॉनांवर त्याची पकड सैल; ते आपल्याकडे ओढण्याइतका फ्लोरीन हावरा.

"नवाबावर पोलीस ॲक्शन झाली, बाई!" सर हसले आणि त्यांनी पुस्तक मिटलं. "अन् मी त्या पोरीला उभं केलं."

"तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं, सर."

"तिला शंका आली व्हती ना?"

मी जुन्या हजेरीपटावरून त्या वर्गाची यादी केली : नाव, गाव, पत्ता. आपली चूक एकेका विद्यार्थ्याला सांगायला दर रविवारी सर सायकलनं नाहीतर एसटीनं निघायचे. सोमवारी मी भेटलेल्या नावापुढे खूण करून यादी सरांना दाखवायची.

पिशोरला एकजण म्हणाला, "एवढ्यासाठी आलात? आम्हाला झेनॉन भेटतो कुठं?"

"भेटत नाय म्हणून खोटंच ऱ्हाऊ देऊ?"

यमुना तेवढी राहिली. सर तीनदा फर्दापूरला गेले. तिच्या माहेरचं तिथं कुणी उरलं नव्हतं. शेवटच्या आजारपणात त्यांनी मला बजावलं, "सापडली तर आधी माफी, मग झेनॉन. क्रम चुकवू नको."

गेल्या उन्हाळ्यात अजिंठ्याला एका लग्नात यमुना भेटली. मी क्रम चुकवला नाही. सर तीनदा फर्दापूरला गेल्याचंही सांगितलं.

"तीनदा आले व्हते?"

"तीनदा."

तिनं पदरानं डोळे टिपले आणि माझ्याजवळ सरकली. "मग झेनॉन मिसळला कसा गं? नीट सांग."

मांडवातच मी तिला सगळं सांगितलं. घरी येऊन शेवटच्या नावापुढे खूण केली. सोमवार होता. यादी सरांना दाखवायला घेऊन उठले, दारापर्यंत गेले, आणि मग आठवलं.