तीन उभ्या रेघांपायी पोर्टलंड

पोर्टलंडला लोक पूल बघायला जातात, गुलाबांची बाग बघायला जातात. मी सुट्टी काढून गेलो आणि तीन उभ्या रेघा काढून आलो. तुम्ही जाणार असाल तर निदान पूल तरी बघा.

मी सिॲटलजवळच्या रेडमंडला एका मराठी काकांच्या रेस्टॉरंटमध्ये किचनला आहे. भांडी, कांदे, पडेल ते. त्याआधी इस्लामपूरला बोर्ड रंगवायचो. शाळा आठवीत सुटली ती सुटली, पण कुठलंही अक्षर द्या, बघून हुबेहूब उतरवतो. काकांच्या भिंतीवरचा मेनू माझाच. तो बघून केंजी नावाच्या गिऱ्हाइकानं विचारलं, जपानी रंगवशील का? तो पोर्टलंडला नूडल्सचं दुकान काढत होता. बोर्डावर त्याचं आडनाव, कावामुरा. दोनच अक्षरं. मला वाटलं, अमेरिकेतला पहिला बोर्ड, तोही भर रस्त्यावर. चार दुकानदारांनी बघितला की भांड्यांतून सुटलो.

शनिवारी पहाटेची बस सिॲटलहून. तिकीट आधी काढा, चाळीस डॉलरच्या आत मिळतं. चार तास म्हणतात, टॅकोमाच्या ट्रॅफिकमध्ये पाच झाले. पाऊस थांबायचं नाव घेत नव्हता. मधल्या स्टॉपला चिप्सशिवाय काही नाही, चपाती-भाजी बरोबर ठेवा.

दुकानात फळी घासून तयार होती. पहिलं अक्षर कावा, म्हणजे नदी: नुसत्या तीन उभ्या रेघा. शेंबडं पोरगंही काढेल. मी आपल्या पेंटरकीच्या रीतीनं डावी काढली, उजवी काढली, अंतर पक्कं केलं आणि मधली शेवटी बसवली. दुसरं अक्षर मुरा, म्हणजे गाव. ते जरा किचकट, पण तेही तासाभरात उरकलं.

मग केंजीची आई आली, फुमिको आजी. हातात भाताच्या गोळ्यांचा डबा. तिनं फळीकडे बघितलं, डबा खाली ठेवला आणि जपानीत काहीतरी बोलली.

केंजी ओशाळला. "मधली रेघ शेवटी काढलीस का, विचारतेय."

मी रंगवताना ती घरी होती. हा बाहेर फोनवर होता. मी म्हटलं, "काढली. दिसायला तर तेच ना?"

"ती म्हणते, दोघांच्या बाकावर तिसरा घुसावा तशी दिसतेय."

माझं डोकं सटकलं. म्हातारी अंदाजानं बोलतेय, असं वाटलं. तिला बाहेर बसवलं, दहा कागद रंगवले. पाच तिच्या रीतीनं, म्हणजे डावी, मधली, उजवी. पाच माझ्या. पिसून हातात दिले. तिनं चहा पीत पीत दोन गठ्ठे केले. दहाच्या दहा बरोबर.

"हिला कळतं कसं?"

"ती म्हणते, एक रेघ संपताना हात पुढच्या रेघेकडे निघालेला असतो. तुझा भलतीकडेच निघालाय."

"मग तूच लिही ना यार."

"मी इथेच वाढलो. टाइप करतो. आईला माझं अक्षर बघवत नाही. आणि तिचा हात थरथरतो."

पुढे अंधार पडेपर्यंत माझी शाळा. जुन्या वर्तमानपत्रांवर नद्या आणि गावं. आपल्याकडे अक्षर गिरवून गिरवून शिकवतात. इथे काढलेल्या रेघेवरून ब्रश पुन्हा नेला की आजी कागदच ओढून घ्यायची. चुकली तर चुकली, नवा कागद. ज्या छळाला कंटाळून शाळा सोडली, तो सातासमुद्रापार येऊन चोविसाव्या वर्षी भोगत होतो. रात्री केंजीच्या सोफ्यावर झोपलो. पूल राहिलेच.

रविवारी फळी उलटी केली आणि कोऱ्या बाजूवर एका दमात लिहिलं. आजीनं जवळ येऊन एकेक रेघ बघितली. मग केंजीला फळी उचलायला लावली आणि आत, किचनच्या सिंकवर लावून घेतली.

"आजी, आउटसाइड," मी म्हटलं.

"नो आउटसाइड," ती म्हणाली. एवढं इंग्लिश तिला येत होतं.

केंजी म्हणाला, "बाहेरच्यांना कुठे वाचता येतं, म्हणते. त्यांना प्रिंट केलेला चालेल, काढलेला कसलाही चालेल. हा तिला रोज बघायचाय." परतीच्या बसला निघालो, तेव्हा दारावर तातडीनं करून आणलेला छापील बोर्ड चढत होता.

सोमवारी काकांनी फोटो मागितला. फोटोत नळ, साबणाची बाटली आणि त्यावर माझा बोर्ड.

"अरे, हा मोरीवरचा बोर्ड दाखवून तुला कोण काम देणार?"

"कोणी नाही."

"मग कांदे घे कापायला."

कांदे कापताना हिशेब लागला आणि अजूनच चिडलो. पहिला बोर्ड आजीला आत नकोच होता, म्हणजे तोच दारावर लागला असता. हट्ट धरून तेवढा लावून घ्यायला हवा होता. आता कुणी मधली रेघ शेवटी काढायला सांगितली, तरी हात ऐकणार नाही.