बोटीच्या नाकाजवळचा तांबडा तुकडा

कवळीताईने केलेली बोटीची हुबेहूब छोटी प्रतिकृती पाहिली की लोक हमखास एकच विचारत, आणि ते ऐकलं की तिच्या तळपायाची आग मस्तकात जाई.

"वा! मिस्टरांनी केली वाटतं?"

मिस्टर नव्हतेच. त्या भानगडीत ती पडलीच नाही. मग विचारणारा जरा अडखळे आणि म्हणे, "अच्छा, म्हणजे भावाने." भाऊ बिचारा देवमाणूस, पण भिंतीत खिळा ठोकायचा तर आधी स्वतःचा अंगठा ठोकून घेणारा. तो हसून हात जोडे आणि बहिणीकडे बोट दाखवे. तरी लोकांना ते खरं वाटत नसे. बाईने स्वेटर विणला तर कुणी विचारत नाही की मिस्टरांनी विणला का. लढाईची बोट बांधली की मात्र घरात कुठेतरी पुरुष लपलेला असलाच पाहिजे!

तिचा पोटापाण्याचा धंदा कवळ्यांचा. दातांचे डॉक्टर ठसे पाठवत आणि ती त्यावरून मेणाच्या हिरड्या घडवून, दात बसवून कवळ्या करून देई. घरामागच्या खोलीत तिचं काम चाले. फळीवर प्लास्टरचे जबडे ओळीने हसत बसलेले. वहिनी, म्हणजे तिची भावजय, तिकडे झाडायला जायची तर पदर तोंडावर घेऊन. म्हणायची, "वन्सं, एवढी माणसं एकदम हसली की मला माझंच काहीतरी चुकल्यासारखं वाटतं."

कवळ्यांचं काम उरकलं की त्याच टेबलावर बोटी. तीच बारीक हत्यारं, तेच मेण, तीच तार. दुसऱ्या महायुद्धातल्या, इंग्रजांच्या आरमाराच्या बोटी. त्यातही नावाजलेल्या, दहा तोफांच्या बोटींकडे ती ढुंकून बघत नसे. "त्या कुणीही करतं," म्हणे. तिचा जीव लहान बोटींवर. समुद्रातले सुरुंग वेचणाऱ्या, मालाच्या बोटींची राखण करत जाणाऱ्या, ज्यांचं नाव बुडाल्यावरसुद्धा वर्तमानपत्रात आलं नाही अशा. तिच्या बोटींवर टांगलेल्या इवल्या होड्यांचे तळ गुलाबी असत. हिरड्यांचंच प्लास्टिक ते. वरून राखाडी रंग लागला की कुणाच्या बापाला कळत नसे.

आणि अचूकपणा म्हणाल तर विचारू नका. कठड्याची तार केसभर जाड झाली तर सगळा कठडा उखडून परत. तिचा पहिला प्रश्न नेहमी एकच, "कुठल्या दिवसाची?" लढाईत बोटीचं रूप आज एक, उद्या एक. तोफ बदलते, रंग बदलतो, डोलकाठी आखूड होते. बोट करायची तर एका दिवसाची करायची. पहिल्या वर्षाची तोफ आणि शेवटच्या वर्षाचा रंग एकत्र केला, तर तशी बोट कधी कुणी पाहिलेलीच नसते. माणसाला विशीचे केस, चाळिशीचं पोट आणि साठीचा चष्मा लावून फोटो काढला तर त्याची आई तरी त्याला ओळखेल का?

आता ही बोट कुठल्या दिवसाची, ते सांगायचं तर आत्याकडे यायला हवं.

आत्या म्हणजे कवळीताईच्या बापाची धाकटी बहीण. नव्वदी कधीच ओलांडलेली, काठीएवढी बारीक आणि काठीएवढीच ताठ. ती माहेरीच राहिली, कारण सासर असं तिला मिळालंच नाही. लग्न होऊन महिना झाला नव्हता. नवरा एका सुरुंग वेचणाऱ्या बोटीवर खलाशी. बोट धक्क्याला लागलेली, रंगकाम चाललेलं. ही त्याचा जेवणाचा डबा घेऊन गेली. तो बोटीच्या नाकाजवळ बाहेरच्या अंगाला, दोरांनी टांगलेल्या फळीवर बसून राखाडी रंग मारत होता. आधी गंजाला अटकाव म्हणून तांबडा अस्तराचा रंग, त्यावर राखाडी. सगळी बाजू झाली होती, नाकाजवळचा एक तुकडा तेवढा राहिला होता. त्याने हिला पाहिलं आणि ब्रश हलवला. म्हणाला, "एवढं संपवतो आणि खाली येतो."

तेवढ्यात शिट्टी झाली. हुकूम आला होता. फळी वर ओढली, दोर सोडले आणि बोट तशीच निघाली, तांबडा तुकडा नाकावर घेऊन. डबा हिच्या हातात राहिला. बोट परत आली नाही.

एवढंच. आत्या ही गोष्ट रडून सांगत नसे. रागाने सांगे. "पाव तास! पाव तास थांबले असते तर काय लढाई हरणार होते?"

कवळीताईने ती बोट करायला घेतली तेव्हा नुसत्या आत्याच्या बोलण्यावर भागवलं नाही. आठवण ही आठवणच, तिला कालांतराने मिशा फुटतात. तिने लांब लांब चौकशा केल्या आणि त्या दिवशी धक्क्यावरून कुणी काढलेला एक फोटो मिळवला. काळापांढरा, मळकट. त्यात नाकाजवळ एक काळसर चौकोन होता. ती म्हणाली, "आत्ये, ही सावली असेल."

"सावली? ऊन या अंगाला होतं. ओल्या रंगावरून उलटून माझ्या डोळ्यांवर येत होतं, म्हणून तर मी हात आडवा धरला होता. सावली म्हणे!"

ऊन खरंच त्याच अंगाला होतं, फोटोत धक्क्यावरच्या माणसांच्या सावल्या बोटीकडे पडल्या होत्या. कवळीताईने कानाची पाळी धरली.

मग रंगावरून दोघींची रोज जुंपे.

"कसला राखाडी, आत्ये?"

"कबुतरासारखा."

"कबुतराची पाठ की पोट?"

"पाठ गं. पोट पांढरट असतं. एवढी शिकलीस आणि कबूतर नाही बघितलंस?"

बोट तयार झाली तेव्हा हातभर लांब होती. नाकाजवळ नखाएवढा तांबडा तुकडा, आणि त्यात डावीकडून शिरलेला राखाडी ब्रशाचा एक फटकारा, मध्येच थांबलेला. आत्याने त्या फटकाऱ्याला बोट लावलं. बराच वेळ लावून ठेवलं. मग म्हणाली, "आता घरात नको ठेवूस. त्याचं नाव जिथे आहे तिथे नेऊन ठेव. लोकांना दिसू दे, काम कसं अर्धं टाकायला लावलं ते."

नाव होतं खलाशी संघाच्या हॉलमध्ये, भिंतीवरच्या संगमरवरी पाटीवर. संघाचे अध्यक्ष रंगाच्या दुकानाचे मालक. माणूस वाईट नाही, उलट फारच चांगला. असल्या चांगल्या माणसांपासूनच जपावं लागतं. त्यांनी बोट आनंदाने घेतली, काचेची पेटी करवली, रविवारचा समारंभ ठरवला. कवळीताईने तांबड्या तुकड्याची हकिकत एका कागदावर लिहून दिली, बोटीशेजारी लावायला.

रविवारी ती वहिनीला घेऊन जरा आधी हॉलवर गेली. भाऊ मागून आत्याला गाडीने आणणार होता. पेटीपाशी गेली आणि जागच्या जागी थिजली.

तांबडा तुकडा नव्हता. नाकावर चकचकीत राखाडी, आरशासारखा. बाकीची बोट कबुतरासारखी आणि नाक नव्या बादलीसारखं. शेजारी छापलेलं कार्ड: 'बोट – एक स्थानिक हौशी कलाकार. अंतिम रंगकाम – माननीय अध्यक्ष.'

अध्यक्ष हात चोळत आले. "दिसलं ना? म्हटलं ताईंना सरप्राइज देऊ. एवढी सुंदर बोट आणि नेमका नाकावरच रंग कमी पडला! बाईमाणूस, डबी संपली असेल, कुठे दुकानं हिंडत बसणार? आपलंच दुकान आहे. गाडीचे ओरखडे बुजवायचा रंग आहे, चमक जन्मात जाणार नाही."

"कुणाला विचारून?"

"विचारायचं काय त्यात? मी स्वतः मारला. माणूससुद्धा लावला नाही."

"मी कागद दिला होता. वाचलात?"

"तो फ्रेम करायला टाकलाय. छान सोनेरी पट्टी सांगितलीये. येईल की चार दिवसांत, मग वाचूच ना."

कधी कधी राग इतका मोठा असतो की दारातून बाहेर पडत नाही, अडकून बसतो. शेवटी कवळीताई एवढंच म्हणाली, "पेटी उघडा."

"आत्ता? अहो, पाहुणे येतील. स्क्रू बसवलेत. आणि ताई, एक सांगू? बोट आता संघाची आहे. संघाच्या वस्तूला संघाने रंग दिला. बिघडलं कुठे?"

वहिनीने तिला दंडाला धरून बाजूला ओढलं. "वन्सं, गप्प बसा. आत्याबाईंना दिसतंय कुठे आता? काचेतून तर मुळीच नाही. नव्वदी उलटलेलं माणूस, इथे काही झालं तर? आजचा दिवस निभवा. उद्या येऊन त्याच्या डोक्यावर रंग ओता, मी डबा धरते."

कवळीताईला हे पटलं नाही, पण आत्याचं काळीज तिने लहानपणापासून पाहिलं होतं. वरून काठी, आतून कापूस. तिने राग गिळला. कडू औषधासारखा, घोटाघोटाने.

आत्या आली. आधी पाटीपाशी गेली आणि बोटाने नाव चाचपलं. मग काठी टेकत पेटीपाशी आली, पिशवीतून भिंग काढलं आणि काचेला नाक लावलं. हॉलमध्ये खुर्च्या मांडणाऱ्यांचा आवाज तेवढा. भिंग शेपटीकडून निघालं, होड्यांवरून, कठड्यावरून सरकत नाकापाशी आलं आणि थांबलं.

"पोरी, ही कुठली बोट?"

"तीच गं," वहिनी घाईने म्हणाली, "काचेवर उजेड पडलाय ना, म्हणून—"

"उजेड पडलाय, माझं डोकं नाही पडलं." आत्या भाचीकडे वळली. "तू केलंस?"

"नाही," कवळीताई म्हणाली. "मी नाही. आणि तुला सांगणारही नव्हते. भेकड आहे मी."

अध्यक्षांना वाटलं, श्रेय द्यायची वेळ आली. ते पुढे झाले. "आजी, तेवढं राहिलं होतं, ते मी पुरं केलं!"

आत्याने त्यांना आपादमस्तक न्याहाळलं.

"पुरं केलंत? अस्सं. अहो, ते पुरं झालं असतं तर तो फळीवरून खाली उतरला असता. डबा खाल्ला असता. तुम्ही पुरं केलंत ना? मग तो आला असेल. दाखवा, कुठे बसवलाय त्याला?"

अध्यक्षांनी कवळीताईकडे पाहिलं, वहिनीकडे पाहिलं, कुणीच मदतीला येईना. "मला... मला काही माहीत नव्हतं, आजी."

"माहीत नसलं की विचारावं. ब्रश हातात आहे म्हणून दिसेल ते रंगवत सुटायचं?"

एवढं बोलून आत्या व्यासपीठाशी गेली आणि मधल्या, पांढरं कापड घातलेल्या खुर्चीवर बसली. काठी गुडघ्यांवर आडवी.

"आजी, ती प्रमुख पाहुण्यांची खुर्ची आहे."

"मग त्यांना सांगा, भरलीये. तो तुकडा होता तसा होईस्तोवर मी उठत नाही. मला घाई नाही. मी फार वर्षं थांबलेय."

अध्यक्ष स्वतः धावत स्क्रू ड्रायव्हर आणायला गेले. पाहुणे आले, त्यांना उभ्यानेच चहा मिळाला. कवळीताईने पदर खोचला, पर्समधून कवळ्यांचं मेण खरवडायचं बारीक हत्यार काढलं आणि कापसाला स्पिरिट लावून बोटीच्या नाकाशी वाकली. चकचकीत रंग साली साली होऊन निघाला. त्याच्याबरोबर खालचा तिचा तांबडाही थोडा निघाला, आणि तो फटकारा तर पार पुसला गेला. तिने एक शिवी हासडली. हॉलमध्ये ती सगळ्यांना ऐकू गेली, पण कुणीही ऐकल्याचं दाखवलं नाही.

"माझ्या दुकानात अस्तराचा तांबडा आहे," अध्यक्ष हळूच म्हणाले. "आणू?"

एवढं मात्र कबूल करायला हवं, तांबडा त्यांच्याकडे नेमका मिळाला. तिने तो लावला, पंख्याखाली सुकवला. राखाडी घरून मागवला. मग बारीक ब्रशाने डावीकडून एक फटकारा आत नेला आणि मध्येच थांबवला. अध्यक्ष शेजारी दिवा धरून उभे होते. त्यांचा हात नुसता शिवशिवत होता. "ताई, एवढासाच तर राहिलाय—"

"हात मागे," व्यासपीठावरून आत्या म्हणाली.

छापलेलं कार्ड कवळीताईने फाडून अध्यक्षांच्या खिशात घातलं. भाषणं झाली, छोटी झाली, बरं झालं. पाहुण्यांपैकी एकाने जाता जाता कवळीताईकडे बघून वहिनीला म्हटलं, "यांच्या मिस्टरांना छंद दिसतोय." वहिनी म्हणाली, "हो, फार. पण ते अजून जन्मायचेत."

परत येताना गाडीत आत्याने भिंग पिशवीत नीट गुंडाळून ठेवलं. मग म्हातारी म्हणाली, "बरं झालं सगळं. फक्त तो फटकारा जरा आखूड झालाय. त्याचा हात लांब होता."

"आत्ये! तिथे का नाही बोललीस? आता तू पण सुरू होऊ नकोस!"

"मी काय म्हणते? आपलं दिसलं, ते सांगितलं."

"घरी होती तेव्हा बोट लावून बसली होतीस, तेव्हा नाही आखूड वाटला?"

"तेव्हा बरोबर होता. आज तू रागात केलास."

सोमवारी दोन कवळ्या तशाच टाकून कवळीताई हॉलवर गेली. अध्यक्ष तिला बघून न विचारताच स्क्रू काढायला लागले. ती पेटीवर वाकली, श्वास रोखला आणि तो फटकारा तांदळाच्या दाण्याएवढा पुढे नेला, जपून, लांब हाताच्या माणसाने न्यावा तसा.

"हात लांब होता म्हणे," ती ब्रश पुसत पुटपुटली. "एवढ्या वर्षांत आत्ता सांगतेय म्हातारी!"