राघूची वाकळ

माझे सासरे लग्नानंतर वर्षभर माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. राग होता असं नाही, पद्धतच तशी होती. सुनेनं सासऱ्यासमोर डोईवरचा पदर ढळू द्यायचा नाही आणि सासऱ्यानं सुनेला थेट काही सांगायचं नाही. मधे कुणीतरी लागायचं. इतर घरांत त्या कामाला नणंदा असायच्या, त्यांचं लेकी बोले सुने लागे छान चालायचं. आमच्या घरात लेक नव्हती आणि सासूबाई दिवसभर रानात. म्हणून सासऱ्यांनी ते काम राघूकडं सोपवलं होतं.

राघू म्हणजे सोप्यात टांगलेला पोपट. पलटणीतून हवालदार होऊन पेन्शनीवर आल्यावर सासऱ्यांनी दोन गोष्टी केल्या होत्या. विहिरीखालच्या तुकड्यात द्राक्षाचे वेल लावले आणि हा पोपट पाळला. "राघू, चा झाला का न्हाई रं?" असं ते पिंजऱ्याकडं बघून म्हणाले की मी आत आधण ठेवायची. "राघू, आज आमटीत मीठ जरा सांडलंय," म्हणाले की संध्याकाळी मी हात आखडता घ्यायची. मला सुरुवातीला फार राग यायचा. मी साताऱ्यात वाढलेली, सातवी पास, माहेरी बोलून बोलून घर डोक्यावर घेणारी. आणि इथं तासगावाजवळच्या या खेड्यात एका पाखरामार्फत माझ्याशी बोलणं. मग मीही भांडी आपटून उत्तरं द्यायला शिकले. एकदा तवा आपटला म्हणजे हो, दोनदा आपटला म्हणजे थोडं थांबा. सासऱ्यांना ते बरोबर कळायचं.

राघूवरचा माझा राग पळाला तो पहिलं पत्र आलं त्या दिवशी. नवरा पलटणीत, लांब उत्तरेकडं. पत्र यायचं ते सासऱ्यांच्या नावानं. बायकोच्या नावानं पत्र पाठवलं असतं तर गावभर चेष्टा झाली असती. सासरे हात धुवायचे, चष्मा लावायचे, पिंजऱ्यासमोर पाट टाकून बसायचे आणि राघूला पत्र वाचून दाखवायचे. चौथीतून शाळा सोडलेला माणूस, एकेक अक्षर उचलून ठेवल्यासारखं वाचायचा. सातवी पास सून दाराआड ताटकळत उभी. पुढचा शब्द मला आधीच कळलेला असायचा आणि जीभ चावून गप्प बसावं लागायचं.

पत्राच्या शेवटी न चुकता एक ओळ असायची. 'राघू कसा आहे? वेळेवर खातो का? त्याला करमतं का?' आता या माणसानं उभ्या जन्मात राघूला एक मिरची घातलेली नव्हती. हा राघू कोण ते मला पहिल्याच पत्राला कळलं. सासऱ्यांनाही कळलं असणार, कारण ती ओळ ते दोनदा वाचायचे. दुसऱ्या वेळी जरा मोठ्यानं.

पुढचं सांगायचं ते त्या साली दिवाळीनंतर पडलेल्या कडाक्याच्या थंडीचं. पोपटाला गारठा सोसायचा नाही म्हणून सासूबाईंनी त्याच्यासाठी वाकळ शिवली. जुन्या लुगड्यांचे पदर एकावर एक ठेवून, बारीक टाके घालून. सासूबाईंच्या वाकळा गल्लीत नावाजलेल्या, त्यांच्या टाक्याला नाव ठेवायची कुणाची छाती नव्हती. पिंजराही रात्रीपुरता सोप्यातून गोठ्यात जायला लागला. जनावरांची ऊब, खाली कोंबड्यांचं खुराडं, वर मेढीच्या खांबाला पिंजरा, त्यावर वाकळ. इतकी बडदास्त माझीसुद्धा नव्हती.

महिनाभरात राघूचं काहीतरी बिनसलं. तो सारखा खाजवायचा, चोचीनं पिसं उपसायचा. रात्री गोठ्यात त्याची फडफड चालायची आणि दिवसा गोळा होऊन डोळे मिटून बसायचा. मिरची पुढं धरली तर नुसता बघायचा. छातीची पिसं जाऊन खालची कातडी दिसायला लागली. बोलणं तर बंदच झालं.

आणि त्याच्यासोबत घरातलंही बंद झालं. सासऱ्यांनी दोन दिवस "राघू, चा..." अशी सुरुवात केली आणि तिथंच थांबले. आजाऱ्याला कशाला कामाला लावायचं, असं त्यांना वाटलं असणार. मग चहा हवा असला की ते उंबऱ्याशी येऊन खाकरायचे. जेवण हवं असलं तरी खाकरायचे. कुठलं खाकरणं कशाचं हे ओळखताना माझी त्रेधा उडायची, एकदा तर मी आंघोळीचं पाणी काढायचं सोडून ताट वाढलं. तशात पत्र आलं. निळं, चिकटवलेलं. सासऱ्यांनी ते हातात घेतलं, पिंजऱ्याकडं पाहिलं आणि फळीवर देवाच्या तसबिरीमागं ठेवून दिलं. कुणाकडंच न बघता म्हणाले, "बरं वाटू दे त्याला. मग वाचू."

मला त्या माणसाचा तेव्हा इतका संताप आला. घरात धड वाचता येणारी मी एकटी, पत्रातली शेवटची ओळ माझी, आणि पत्र फळीवर. मागायची सोय नाही. मी येता जाता त्या निळ्या कडेकडं बघायची. मनात एकच, हा पोपट मेला तर माझ्या नवऱ्याचं एक अक्षर मला कधी ऐकायला मिळणार नाही. मी देवापुढं दिवा लावताना पोपटासाठी हात जोडले आहेत, खोटं कशाला सांगू.

सासरे राघूला घेऊन एसटीनं तासगावला जनावरांच्या डॉक्टरकडं गेले. पिंजरा मांडीवर, वर वाकळ. डॉक्टर म्हणाले, "हवालदार, माझ्याकडं म्हशी येत्यात, बैल येत्यात, पोपट तुमचाच पयला." त्यांनी पिसं फुंकून पाहिली, अंगावर किडे पडलेत असं सांगितलं आणि गोचीड मारायची पावडर दिली. वर हेही बजावलं की पाखरू अंग चोचीनं साफ करतं, जास्त झाली तर सोसायची नाही. सासऱ्यांनी परत येऊन ती पुडी नाकाशी धरली आणि न उघडता आढ्याला खोचून ठेवली. त्यांचा विश्वास दुसऱ्याच औषधावर होता.

द्राक्षाच्या पानांवर भुरीची पांढरी बुरशी पडली की आमच्याकडं गंधक मारायचे. फडक्याच्या पुरचुंडीत गंधकाची भुकटी घालायची आणि सकाळच्या दहिवरात वेलांवर झटकायची, म्हणजे ओल्या पानाला ती धरते. सासऱ्यांना वाटलं, पान काय आणि पीस काय, दोन्ही हिरवंच. पण पोपटावर दहिवर पडत नाही. म्हणून त्यांनी पहाटे आधी राघूवर पाणी शिंपडलं आणि मग चहूबाजूंनी पुरचुंडी झटकली, अगदी वेलाला मारतात तशी, खालून वर. उजाडलं तेव्हा पिंजऱ्यात हळद लागलेला नवरदेव बसला होता. चोच तेवढी लाल, बाकी सगळा पिवळा, आणि एकसारखा शिंकत होता. सासूबाई तोंडात पदर कोंबून आत पळाल्या आणि चुलीपुढं बसून आम्ही दोघी हसून हसून रडलो. सासूबाईंबरोबर मी मनापासून हसले ते त्या दिवशी पहिल्यांदा.

पण गुण काही येईना. दिवसा जरा बरा, सकाळी पुन्हा तोच निपचित. सासऱ्यांनी आणखी दोनदा गंधक मारलं. वेलांना तरी विश्रांती असते.

चौथ्या दिवशी सकाळी गोठा झाडताना मी पिंजऱ्यावरची वाकळ उचलली. आतल्या पांढऱ्या पदरावर टाक्यांच्या ओळीनं तिखट सांडल्यासारखं दिसलं. मी बोट लावलं तर तिखट चालायला लागलं. एक ठिपका चिरडला आणि बोटाला रक्त लागलं. मग डोक्यात प्रकाश पडला. साताऱ्याला माझी आई परसात कोंबड्या पाळायची. ती सांगायची, हे किडे दिवसा कोंबडीवर सापडायचे नाहीत, ते फटीत दडतात आणि रात्री अंगावर चढतात. आमच्या खुराड्यातून ते वर चढले होते आणि वाकळेच्या घड्यांत त्यांनी घर केलं होतं. दिवस उजाडला की पोटभर रक्त पिऊन परत टाक्यांत. आणि आम्ही गंधक मारत होतो पोपटाला. हाल्याला दुखणं आणि पखालीला डाग.

कळलं खरं, पण सांगायचं कसं? सासऱ्यांशी बोलायचं नाही. सासूबाईंशी बोलता येत होतं, पण त्यांना काय म्हणू? तुमच्या वाकळेत किडे झालेत? वर्षाची सून मी. गल्लीतल्या बायकांनी मला साताऱ्यापर्यंत पोचवलं असतं.

तेव्हा मला सासऱ्यांचीच युक्ती आठवली. मी पिंजरा वाकळेसकट सोप्यात आणून टांगला. सासरे तिथं चहा घेत होते. मी दाराआड उभी राहिले आणि पिंजऱ्याकडं बघून मोठ्यानं म्हणाले, "राघू, किडं तुझ्या अंगावर राहत न्हाईत रं. दिवसा ते वाकळंत बसत्यात, रात्री तुला खात्यात."

सासऱ्यांची बशी ओठाशी थांबली. अंगणातून मात्र लगेच आवाज आला, "कुनाच्या वाकळंत?"

सासूबाई तरातरा आत आल्या, वाकळ ओढून उन्हात नेली, दातानं एक टाका तोडला आणि आत पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग माझ्याकडं वळून म्हणाल्या, "माझ्या टाक्यात किडं?"

माझ्या तोंडून निघून गेलं, "टाकं चांगलं हायती म्हनूनच राह्यल्यात, आत्या. आत वारासुदीक जात न्हाई."

त्या माझ्याकडं बघत राहिल्या. मग न्हाणीकडं गेल्या आणि चुलवणावर सगळ्यात मोठा हंडा चढवला.

त्या दिवशी रानातलं काम राहिलं. वाकळ उकळत्या पाण्यात गेली. पिंजऱ्यातली बसायची दांडी चिरांत किडे घेऊन बसलेली, ती चुलीत गेली आणि तिच्या जागी कडुलिंबाची ताजी फांदी आली. पिंजऱ्याच्या सांध्यासांध्यात सासूबाईंनी कढत पाणी ओतलं. खुराड्याला आतून बाहेरून चुना फासला, कोंबड्या दिवसभर बाहेर कुरकुरत फिरल्या. राहिला राघू. त्याच्या अंगावरचं गंधक कोमट पाण्यानं धुवायचं होतं.

सासऱ्यांनी त्याला टॉवेलात धरलं, मी दोन हात लांब तांब्या घेऊन उभी. पहिली धार पडताच इतक्या दिवसांच्या आजाऱ्यानं मान वळवून सासऱ्यांच्या अंगठ्याचा असा लचका घेतला की ते ओरडले, "आगं धर की पोरी, बघतीस काय!"

मी तांब्या टाकून धरलं. पदर खांद्यावर आला. चुलवणापाशी सासूबाईंचा हात थांबला. मग सासूबाईंनी खाली वाकून जाळ सारखा केला, आणि सासरे हलक्या आवाजात म्हणाले, "डोळ्यात जाऊ दिऊ नगं."

"न्हाई, मामा."

आमचं पहिलं बोलणं ते एवढंच, पोपटाच्या डोळ्यांबद्दल. काम संपल्यावर दोघंही लाजलो. दुसऱ्या दिवसापासून सासरे पुन्हा खाकरायला लागले आणि मी पुन्हा तवा आपटायला. मला वाईट वाटलं. एकदा उघडलेलं दार पुन्हा लोटून घेतल्यावर वाटतं तसं.

पिंजरा कायमचा सोप्यात परत आला. रात्री त्यावर नुसतं पांढरं धडपं टाकायचो आणि सकाळी मी ते उन्हात धरून बघायची. पहिल्या दिवशी चार-पाच लाल ठिपके, मग दोन, मग काही नाही. राघू मिरची सोलायला लागला. छातीवर नवी पिसं टोचून वर आली. आणि एका सकाळी, सासरे उंबऱ्याशी येऊन घसा साफ करणार इतक्यात सोप्यातून आवाज आला, "चा झाला का?" सासऱ्यांचाच सूर, हुबेहूब. सासूबाई चुलीपाशी म्हणाल्या, "बरा झाला मेला."

सासऱ्यांनी चहा घेतला, हात धुतले, फळीवरून पत्र काढलं. चष्मा लावला आणि पिंजऱ्यासमोर पाटावर बसले. मी नेहमीच्या जागी, दाराआड. पत्राची कड फाडल्याचा आवाज आला. मग काहीच नाही. मी फटीतून पाहिलं. राघू मिरचीत गुंतला होता, त्याचं लक्षच नव्हतं. सासरे त्याच्याकडं बघत होते. मग त्यांनी दाराकडं पाहिलं.

"पोरी, भाईर ये. ह्ये तूच वाच."

सासूबाई चुलीपासून उठून आल्या. "आवं, मग राघूनं काय करायचं?"

"त्याला आजपास्नं पेन्शन," सासरे म्हणाले.

मी वाचलं. तिथली थंडी, बर्फ, कुणाची तरी रजा, बैलाची चौकशी, सगळं एका दमात वाचलं. सासूबाई म्हणाल्या, "कसं पान्यावानी वाचती." मग शेवटची ओळ आली. 'राघू कसा आहे? त्याला करमतं का?' ती मी हळूच वाचली आणि डोईवरचा पदर पुढं ओढला.

सासऱ्यांनी चष्मा काढून धोतराच्या सोग्याला पुसला. "त्यो कुनाचं इचारतोय ते मला ठावं हाय," ते म्हणाले. "जवाब तूच लिव. तुज्या हातानं."

दुपारी मी लिहायला बसले. वाकळेचं, गंधकाचं, अंगठ्याचं सगळं लिहिलं, कागद भरला. शेवटी कडेला थोडीशी जागा उरली होती. तिथं लिहिलं, राघू आता बरा आहे. आणि त्याच्याखाली, पहिल्यांदाच, मीपण.