डाव्या हाताची काडी

कळंबला मोंढ्याकडे, म्हणजे धान्याच्या बाजाराकडे जाणाऱ्या रस्त्यावर बियाण्यांचं एक दुकान आहे. त्या दुकानाच्या माडीवरची खोली म्हणजे आमचं म्युझिक लेबल. आधी तिथं मी कॉम्प्युटरचा क्लास चालवायचो, म्हणून अजूनही बरेच जण मला मास्तरच म्हणतात. लेबल हा शब्द माझ्या पार्टनरचा. गावातले लोक आम्हाला 'डीजेची गाणी बनवणारे' म्हणतात, आणि ते खरंच आहे. हळदीची, वरातीची, मिरवणुकीची, नाचायची गाणी आम्ही बनवतो आणि आमच्या चॅनेलवर टाकतो. मग लातूर-बार्शीपर्यंतचे डीजेवाले ती वाजवतात. या धंद्यात गाणं प्रकाशित करत नाहीत, गाणं 'सोडतात'. कधी सोडताय? काल सोडलं. अजून सोडलं नाही का?

पार्टनरचं म्हणणं सरळ होतं. लग्नसराईत रोज एक गाणं सुटलं पाहिजे. चॅनेल चार दिवस गप्प राहिलं की लोक दुसऱ्याचं वाजवतात. तो सकाळी चाल गुणगुणत यायचा, दुपारी बेंजोवाला यायचा आणि संध्याकाळी गाणं बाहेर पडलेलं असायचं. मी कुरकुर करायचो.

"बेंजो जरासा उतरलाय. उद्या परत घेऊ."

"मास्तर, नाचणाऱ्याला बेंजो कुठं ऐकू येतोय? त्याला ठोका पायजे. सोडा."

"आपलं नाव लागतंय त्याला."

"नाव लागायला आधी गाणं तर लागलं पाहिजे की!"

भांडून भांडून आम्ही एक तडजोड केली. रोजची गाणी त्याच्या पद्धतीनं करायची. वर्षातून एखादं माझ्या पद्धतीनं, आणि त्याला कुणी घाई करायची नाही. तेव्हा मला वाटलं, किती शहाणपणाची वाटणी केली आपण! आज कळतं की त्या वाटणीनं मला दोन्हीकडून वाईट केलं. रोजच्या गाण्यांकडे मी मन न लावता बघायला लागलो, आणि जे माझं होतं ते हातातून सुटेनासं झालं.

याला एक कारणही होतं. ते सांगायला लाज वाटते. अगदी सुरुवातीच्या एका गाण्याखाली कुणीतरी लिहिलं होतं, 'ही हलगी आहे का पत्र्याचा डबा?' खाली हसण्याची चित्रं. ते गाणं पुढं शेकडो वरातींत वाजलं असेल, पण मला आठवतो तो डबा. त्यानंतर माझ्या पद्धतीचं प्रत्येक गाणं मी त्या एका माणसासाठी बनवत राहिलो. तो कोण होता हे मला आजही माहीत नाही.

त्या गाण्यातली हलगी वाजवणारे मामा ढोकीजवळच्या एका खेड्यातले. साठी ओलांडलेली, अंगानं शिडशिडीत, बोलायला मिश्कील. आमच्याकडे येणाऱ्या सगळ्या वाजवणाऱ्यांत त्यांच्याइतका स्वच्छ हात कुणाचा नव्हता. हलगी उजव्या हातातल्या जाड टिपरीनं बोलते, पण तिला धार येते ती डाव्या हातातल्या बारीक काडीनं. मामांची काडी म्हणजे उसाच्या कोरड्या पाचटावर गारा पडाव्यात तशी वाजायची. ते येऊन वीस मिनिटं वाजवायचे आणि शेवटच्या एसटीआधी निघून जायचे. मी त्यांच्या वाजवण्याचे तुकडे करून ते पन्नास गाण्यांत वापरायचो. एकाही गाण्याखाली त्यांचं नाव नव्हतं. कुणाचंच नसायचं, असं मी स्वतःला सांगायचो.

एकदा मीच म्हणालो, "मामा, एक अख्खं गाणं तुमच्या हलगीचं करू. बाकी सगळं मागं. नाव पहिलं तुमचं."

ते चहाचा कप हातात धरून माझ्याकडे बघत राहिले. "थट्टा तर न्हाय ना मास्तर? आजवर आमचं नाव फक्त रेशनकार्डावर आलंय."

रेकॉर्डिंगच्या दिवशी ते नवा शर्ट घालून आले. आवाज घेताना कुणाला फोटो लागत नाही, हे मी सांगितलं नाही. दुकानातून बियाण्यांचे रिकामे खोके मागून आम्ही गच्चीवर जाळले आणि त्यावर हलगी तापवली. तापल्याशिवाय कातडं ताणत नाही. खाली खोलीत कॉम्प्युटरसाठी एसी चालू होता.

"ते बंद करा," मामा म्हणाले. "ह्या गारठ्यात हलगीला सर्दी होती."

मी एसी बंद केला. ते खुर्चीवर पुढं सरकून बसले, डोळे मिटले आणि अकरा मिनिटं वाजवलं. मध्ये कुठं तरी पार्टनर दारात येऊन उभा राहिला. तो गप्प उभा राहिलेला मी क्वचितच पाहिलाय. संपल्यावर तो म्हणाला, "मास्तर, हे आजच सोडा. ह्याला हात लावू नका."

मी हेडफोन काढला. "खुर्ची करकरतीय मधी. आणि कडी वाजतीय."

"कडी हलगीचीच हाय की," मामा म्हणाले. "काय बैलाची हाय?"

पार्टनर हसला, मी हसलो नाही. आणखी चार वेळा वाजवायला लावलं. कातडं उतरत गेलं, खोके संपले, मामांच्या मनगटाला घाम सुटला. पहिल्या वेळचं पुन्हा आलं नाही. ते मलाही कळत होतं. तरी मी म्हणालो, बघतो, जुळवून घेतो.

जुळवण्यात उन्हाळा गेला. खुर्चीचा आवाज काढला, तर त्याच्याबरोबर काडीची धार बोथट झाली. ती परत आणली, तर कडी परत आली. त्याच दिवसांत आम्ही दुसरी चाळीसेक गाणी सोडली. त्यांतल्या एका हळदीच्या गाण्याला मी अर्धा दिवस दिला होता, तेही जांभया देत. ते तालुक्यातल्या प्रत्येक मांडवात वाजलं. मामांचा अधूनमधून फोन यायचा.

"झालं का मास्तर?"

"थोडं राहिलंय."

"बरं बरं. निवांत करा."

दिवाळीनंतर मी त्यांना पुन्हा बोलावलं. म्हटलं, तेवढा मधला भाग नव्यानं घेऊ. त्यांनी वाजवायला सुरुवात केली आणि माझ्या समोरच्या पडद्यावर आवाजाच्या रेघा उमटायला लागल्या. वरच्या ओळीत उन्हाळ्यातल्या रेघा, खालच्या ओळीत आताच्या. फरक डोळ्यांना दिसत होता. डाव्या काडीची रेघ प्रत्येक वेळी उंच जात होती, टिपरीपेक्षाही उंच.

मी त्यांना थांबवलं. "मामा, डावा हात जोरात पडतोय. सगळं काडीच काडी होतंय. जरा हलका."

त्यांनी परत वाजवलं. परत तेच.

"अहो हलका म्हणतोय मी! इतकी वर्षं वाजवताय, आणि आज काय झालंय तुम्हाला?"

हे वाक्य मी बोललो. ज्या आवाजात बोललो तो आवाजही मला आठवतो.

मामांनी हलगी मांडीवर आडवी ठेवली. दार लावलंय का ते बघितलं. मग म्हणाले, "मास्तर, काडी ऐकू येत न्हाय मला. टिपरी येती. काडी न्हाय येत. येईल म्हणून जोरानं मारतोय."

मी विचारलं, कधीपासून.

"आखाडापासनं. धाराशिवच्या डॉक्टरला दाखवलं गुपचूप. तो म्हणला शीर वाळत चाललीय. बारीक आवाज आधी जातो, मग मोठा. कानात घालायचं मशीन देतो म्हणला. ते घालून बघितलं, तर नुसतं रातकिड्यावानी किरकिरतंय. बोलणं कळतं, वाजवणं न्हाय कळत." त्यांनी परत दाराकडे बघितलं. "घरी सांगू नका. वाजवू द्यायचे न्हाईत."

मी रेकॉर्डिंग थांबवलं.

"एवढंच करा. ऐकू येतंय तवर माझं मला ऐकवा. आयुष्यभर वाजवलं, पण वाजवताना ऐकणं येगळं. नुसतं बसून कधी ऐकलंच न्हाय. कच्चं असंल तर कच्चंच ऐकवा."

त्या क्षणी पहिलं, अकरा मिनिटांचं वाजवणं माझ्या कॉम्प्युटरवर होतं. एक बटण दाबायचं होतं. एसी बंद करून हेडफोन त्यांच्या कानाला लावायचा होता. तेवढंच.

मी म्हणालो, "मामा, तुमचं पहिलं गाणं कच्चं कशाला ऐकता? पंधरा दिवस द्या. असं करतो की तुम्हीच म्हणाल, हा मी न्हाय."

ते हसले. मला त्या माणसाचा मान राखल्यासारखं वाटत होतं. खरं म्हणजे मला करकरणारी खुर्ची त्यांच्या कानावर पडू द्यायची नव्हती. ती माझी चूक होती, मीच ती खुर्ची दिली होती.

पंधरा दिवसांत लग्नसराई सुरू झाली. पार्टनर रोज एक गाणं आणत होता, मी रोज ते उरकत होतो आणि उरलेल्या वेळात मामांचं उघडून बसत होतो. उघडायचो आणि दहा सेकंदांच्या तुकड्यावर अडकायचो. काडीची धार राखून करकर आणि कडी तुकड्यातुकड्यानं निघत होती, पण नाचायचं गाणं म्हणून खाली कॉम्प्युटरचा जाड ठोका घातला होता, त्याची आणि हलगीची जागा जुळत नव्हती. कधी ठोका वर, कधी हलगी. मामांच्या कानाचं मी पार्टनरला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्यानं त्याच दिवशी गाणं सोडलं असतं, हे मला ठाऊक होतं. म्हणूनच सांगितलं नसावं.

मामांचे फोन कमी झाले. एकदा आला, तेव्हा मी काय म्हणतोय ते त्यांना तीनदा विचारावं लागलं. त्यानंतर आला नाही.

शेवटी फाल्गुनात पार्टनर माझ्या खुर्चीमागं येऊन उभा राहिला. "मास्तर, हे अजून हाय व्हय? आज तुम्ही सोडत नसाल तर मी सोडतो." मग मी त्याला सगळं सांगितलं. तो खाली बसला. बराच वेळ त्यानं शिवी दिली नाही, तेच मला जड गेलं. मग म्हणाला, "उठा."

गाणं आम्ही त्याच दुपारी सोडलं. नाव पहिलं मामांचं. दुसऱ्या दिवशी सकाळी मोठा स्पीकर मोटारसायकलवर बांधून मी ढोकीच्या रस्त्याला लागलो. ऊस तुटून रानं मोकळी झाली होती. कारखान्याकडे जाणाऱ्या ट्रॅक्टरांनी रस्ता अडवला की मी आतल्या आत चडफडत होतो, जणू उशीर त्यांनी केला होता.

मामा अंगणात बाजेवर बसले होते. मला बघून उठायला लागले, मी खांद्याला धरून बसवलं. मामी आतून पाणी घेऊन आल्या. कानाचं आता घरात सगळ्यांना कळलं होतं. लपवण्यासारखं राहिलंच नव्हतं. मी मोठ्यानं म्हणालो, "मामा, गाणं झालं." त्यांनी माझ्या ओठांकडे बघितलं आणि मान हलवली.

स्पीकर बाजेला टेकवून ठेवला आणि आवाज पूर्ण वाढवला. शेजारची माणसं दारात आली. हलगी सुरू झाली. खरंच चांगली वाजत होती. करकर नाही, कडी नाही, काडी काचेसारखी स्वच्छ. मामा पुढं झुकले, डोळे मिटले, एक हात बाजेच्या लाकडावर ठेवला. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होतो. दीड-दोन मिनिटांनी त्यांनी डोळे उघडले.

"ह्यो धप धप कोण वाजवतंय?"

मी त्यांच्या कानाशी गेलो. "ते मशीन हाय मामा. खाली घातलंय. नाचायला."

"मग माझं कुठंय?"

मी स्पीकरकडे बोट दाखवलं. मामींनी स्वतःच्या दोन्ही हातांनी टिपरी-काडीची खूण केली. वाजतंय, तुमचंच वाजतंय. मामांनी परत कान दिला. मग मामींना विचारलं, "चांगलं झालंय का गं?"

मामींनी मान हलवली. "लई चांगलं झालंय."

"मग बरं," ते म्हणाले, आणि गाणं संपेपर्यंत तसेच बसून राहिले. पाव्हण्याचा मान ठेवावा तसे.

निघताना मामी फाटकापर्यंत आल्या. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, त्यांना खरंच समजून घ्यायचं होतं. "मास्तर, पोरं दाखवत्यात मोबाइलवर. रोज एक गाणं सोडता तुम्ही. मग ह्येंचंच कसं राहिलं वो?"

"मामी, ते सगळ्यांत चांगलं होतं. म्हणून राहिलं."

त्यांनी पदरानं तोंड पुसलं. "मग वाईट वाजवा म्हणायचं व्हतं की ह्येंना."

मी गाडी चालू केली. ती पहिल्या किकला चालू झाली नाही, दुसऱ्यालाही नाही. मामी तिथंच उभ्या होत्या, आणि अंगणातून मामा हात करून सांगत होते की जेवून जा.