सातव्या घरातला नेपच्यून

"मास्तर, हा नेपच्यून कोण?" बापूरावांनी वहाणा काढण्यापूर्वीच विचारले.

मी म्हणालो, "आधी बसा. पाणी घ्या."

"पाण्याचं नावच काढू नका. पाण्यामुळेच इंदूचं लग्न मोडायला आलंय."

त्या वेळी मी अलिबागेत पत्रिका पाहण्याचा व्यवसाय करीत होतो. त्यापूर्वी बरीच वर्षे शाळेत गणित शिकवले होते, म्हणून लोक मला ज्योतिषी न म्हणता मास्तरच म्हणत. बापूरावांची मुरुडला नारळ-सुपारीची वाडी होती. त्यांची मुलगी इंदू बोर्ली पंचतनच्या नानांच्या मुलाला द्यायची ठरली होती. साखरपुडा झाला होता. मुलगा, वसंत, किनाऱ्याने जाणाऱ्या आगबोटीवर कारकून होता. आणि आता नानांचा निरोप आला होता: पत्रिका पुन्हा पाहिली, मुलीच्या सातव्या घरात नेपच्यून निघाला, तो पाण्याचा ग्रह, तेव्हा क्षमा असावी.

"पहिल्यांदा पत्रिका जुळली होती ना?" मी विचारले.

"उत्तम जुळली. मंगळ नाही, काही नाही. मग त्यांच्या दाजीशास्त्रींना मुंबईहून कुणीतरी मागच्या पुष्कळ वर्षांचं विलायती पंचांग आणून दिलं. त्यातून हा पाहुणा निघाला."

मी त्यांना थोडक्यात समजावले. ज्याला ही विद्या ठाऊक नाही, त्याच्यासाठी इथेही सांगतो. पत्रिका म्हणजे जन्मवेळच्या आकाशाचा नकाशा. त्याचे बारा भाग करतात, त्यांना घरे म्हणतात. जन्माच्या क्षणी पूर्वेला जी राशी उगवत असते ते लग्न, म्हणजे पहिले घर. तिथून मोजत सातवे घर येते ते जोडीदाराचे. या घरांत आपण परंपरेने नऊ ग्रह मांडतो. नेपच्यून त्या नवांत नाही. तो इतका दूर आहे की नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. दुर्बिणी आल्यावर सापडला. युरोपातल्या लोकांनी त्याला आपल्या समुद्रदेवाचे नाव दिले, म्हणून आपल्याकडे त्याला वरुण म्हणू लागले. त्यावरून त्याचे अर्थही ठरले: धुके, भ्रम, भक्ती, फसगत आणि पाणी.

"आणि सातव्या घरात?"

"जोडीदाराविषयी भ्रम, असं काही लोक लिहितात. काही लोक म्हणतात, जोडीदाराला पाण्यापासून भय."

बापूरावांनी उपरणे खांद्यावर सारखे केले. मग म्हणाले, "वसंताचं स्थळ मोडलं तर मोडो. पण मुरुडला सगळी दर्यावर जाणारी माणसं. नवरा बुडवणारी मुलगी असं एकदा नाव पडलं, तर इंदूला दुसरं कोण विचारील?"

हा प्रश्न ज्योतिषाचा नव्हता, पण उत्तर ज्योतिष्यालाच शोधायचे होते. मी त्यांच्याबरोबर निघालो.

मुरुडहून आगरदांडा, तिथून खाडीपार तरीने दिघी आणि पुढे बैलगाडीने बोर्ली, असा आमचा रस्ता होता. तरीवर बापूरावांना गप्प राहवेना. त्यांनी तरवाल्यालाच सगळी हकीकत सांगितली. त्याने वल्हे न थांबवता विचारले, "आनि आमी? आमी तं जनमभर पान्यातच हाय. आमच्या बायकांच्या सातव्या घरात कोन बसलाय?"

"बायकोलाच विचार," मी म्हणालो.

"इचारलं तं ती म्हनंल, तूच बसलायस, उठत न्हायस."

बापूराव त्या दिवसात पहिल्यांदा हसले.

नानांच्या ओटीवर दाजीशास्त्री आधीच येऊन बसले होते. सडपातळ, टापटीप गृहस्थ. त्यांच्यापुढे आपले पंचांग आणि ते विलायती पंचांग अशी दोन्ही ठेवलेली होती. नाना झोपाळ्यावर होते. स्वयंपाकघराच्या दारात त्यांच्या पत्नी राधाबाई उभ्या होत्या. या घरातले शेवटचे मत त्यांचे आहे, हे मला नानांच्या गप्प बसण्यावरूनच कळले.

"या मास्तर," शास्त्री म्हणाले. "आपण जुने लोक. आपल्याला नव्या ग्रहांचा विटाळ असेल."

"विटाळ नाही. ओळख थोडी कमी आहे, म्हणून जपून बोलतो."

"मग मुद्द्याचं बोलू. कुंभ लग्न. सातवं घर सिंह. सिंहेत नेपच्यून. मुलाची नोकरी आगबोटीवर. दोन अधिक दोन चार."

मी अलिबागेहून एक युक्तिवाद तयार करून आणला होता. तो शाळेतल्या पद्धतीने मांडला. चंद्र सव्वादोन दिवसांत एक राशी ओलांडतो. शनीला अडीच वर्षे लागतात. नेपच्यूनला चौदा. म्हणजे चौदा वर्षांत जन्मलेल्या सगळ्या मुलामुलींचा नेपच्यून एकाच राशीत असतो. त्यात कुंभ लग्न रोज दोनेक तास उगवलेले असतेच. तेव्हा ज्यांच्या सातव्या घरात नेपच्यून येतो अशा मुली प्रत्येक गावात, प्रत्येक आळीत असणार. त्या सगळ्यांचे नवरे बुडतात असे कुणी पाहिले आहे काय? इतका संथ ग्रह एका पिढीचा स्वभाव सांगत असेल, एका घरचे भविष्य सांगणार नाही.

युक्तिवाद मला स्वतःला आवडला होता. नानांनाही आवडलेला दिसला. ते म्हणाले, "हे पटण्यासारखं आहे."

दारातून राधाबाई बोलल्या. "मास्तर, गावोगावच्या सगळ्या मुलींशी माझ्या वसंताचं लग्न नाही व्हायचं. एकीशीच व्हायचंय. बाकीच्यांचं काय होतं ते त्यांचे आईबाप बघतील."

वर्गात असे प्रश्न विचारणारी मुले फार थोडी भेटली, आणि त्यांच्यापुढेही मी असाच खडू हातात धरून उभा राहिलो होतो.

"माझा भाऊ गलबतावर होता," त्या पुढे म्हणाल्या. "वादळात गेला. गलबत मिळालं नाही, माणूस मिळाला नाही. मला हिशेब नका सांगू."

नानांनी झोपाळा पायाने थांबवला. "आधी जेवून घ्या," ते म्हणाले. कोकणात भांडणही जेवणानंतर पुढे चालू करता येते.

जेवण छान होते, पण लक्ष कुणाचेच ताटात नव्हते. बापूराव आमसुलाचे सार नुसते ढवळत होते. पान लावता लावता मी शास्त्रींना म्हणालो, "मांडलेली कुंडली पाहू या का जरा?"

तोपर्यंत मी ती पाहिलीच नव्हती. बापूरावांजवळच्या मूळ पत्रिकेत नऊच ग्रह होते. नेपच्यून शास्त्रींनी आपल्या हाताने मांडला होता, आणि माझ्याकडे इंदूच्या जन्मवर्षाचे विलायती पंचांग नसल्यामुळे त्यांनी दिलेले स्थान मी तसेच धरून चाललो होतो.

कुंडली स्वच्छ अक्षरात होती. सहाव्या घरात कर्क, त्यात शनी. सातव्या घरात सिंह, त्यात नेपच्यून. मी पुढे सरकणार होतो, पण नजर परत तिथेच आली. इंदूचा जन्म महायुद्ध चालू असतानाच्या एका श्रावणातला, दिवेलागणीनंतरचा. त्या वर्षी मी ही विद्या नव्याने शिकत होतो आणि त्या श्रावणातली एक गोष्ट मला पक्की आठवत होती. शनी आणि नेपच्यून तेव्हा एकमेकांच्या अगदी लगत होते. आमच्या भाषेत त्याला युती म्हणतात.

आकाशात जे दोघे खांद्याला खांदा लावून उभे, ते कागदावर दोन निराळ्या घरांत कसे?

"शास्त्रीबुवा, शनी कुठून घेतलात?"

"आपल्या पंचांगातून. दुसरीकडून कशाला घेईन?"

"आणि नेपच्यून?"

"या विलायतीतून. आपल्यात तो देतातच कुठे?"

"विलायतीत शनीही देतात. तो कुठे आहे तेवढा पाहता का?"

शास्त्रींनी चष्मा लावला. बोट रकान्यावरून खाली आणले. मग थांबले. मग पुन्हा वरपासून खाली आणले. "सिंहेत," ते हळू आवाजात म्हणाले. "नेपच्यूनच्या शेजारीच."

"आणि आपल्या पंचांगात?"

"कर्केत."

नाना झोपाळ्यावरून उठून जवळ आले. "म्हणजे एकच शनी दोन ठिकाणी? हे काय गौडबंगाल?"

मी त्यांना विचारले, "नाना, दिघीच्या धक्क्यापासून तुमचं घर मोजलं आणि बोर्लीच्या बाजारापासून मोजलं, तर अंतर सारखं येईल का?"

"कसं येईल?"

"घर मात्र एकच. तसंच हे. आकाशाचं मोजमाप कुठून सुरू करायचं याच्या दोन पद्धती आहेत. विलायती पंचांग वसंतातल्या ज्या बिंदूपासून मोजतं, तो दर वर्षी किंचित सरकतो. त्याला सायन म्हणतात. आपलं पंचांग ताऱ्यांमधला ठरलेला बिंदू धरतं. त्याला निरयन म्हणतात. दोहोंत आता बावीस-तेवीस अंशांचं अंतर पडलं आहे. दोन्ही मोजमापं खरी. पण नऊ घरं धक्क्यापासून मोजली आणि दहावं बाजारापासून, तर ते दहावं घर दुसऱ्याच्याच अंगणात जाऊन पडतं."

पुढचे मी बोललो नाही. शास्त्रींनी स्वतःच दौत ओढली आणि वजाबाकी केली. सायन नेपच्यून सिंहेच्या चारपाच अंशांवर. त्यातून बावीस-तेवीस अंश गेले. उरला कर्केत, शनीच्या मांडीला मांडी लावून. सातवे घर रिकामे झाले.

मला शास्त्रींची धास्ती वाटत होती. माणूस आपल्या मतासाठी गणित मोडतो, हे मी पुष्कळदा पाहिले आहे. शास्त्रींनी मात्र कुंडलीतला नेपच्यून एका रेघेने खोडला आणि सहाव्या घरात लिहिला. मग बापूरावांकडे वळून म्हणाले, "बापूराव, तुमच्या मुलीला मी उगीच त्रास दिला. पंचांग नवं मिळालं, त्याच्या आनंदात वजाबाकी राहिली."

बापूरावांनी उपरण्याने तोंड पुसले. ते बराच वेळ तोंड पुसत होते.

"पण सहाव्यातला वरुण काय करतो?" नानांनी जरा भीतभीत विचारले.

"सून आमटीत मीठ जास्त घालील," शास्त्री म्हणाले. "सोसा."

नाना हसले. राधाबाई हसल्या नाहीत. त्या दार सोडून ओटीवर आल्या आणि माझ्यासमोर उभ्या राहिल्या.

"म्हणजे माझ्या वसंताला पाण्याचं भय नाही. असंच ना, मास्तर?"

हो म्हणणे सोपे होते. सगळेजण त्या एका शब्दाची वाट पाहत होते. बापूराव तर डोळ्यांनी विनवीत होते. पण ज्या वजाबाकीच्या जोरावर मी बोलत होतो, तिच्यात तो शब्द कुठेच नव्हता.

"ते मला सांगता येणार नाही, वहिनी. आगबोटीवरच्या माणसाने पाण्याला जपलंच पाहिजे. मी एवढंच सांगू शकतो, की ते भय या मुलीने आणलेलं नाही. ती नसती तरी ते तितकंच असतं."

बापूरावांनी डोळे मिटले. सगळे बिघडले असे त्यांना वाटले असावे.

राधाबाई खाली बसल्या. "मला एवढंच हवं होतं," त्या म्हणाल्या. "भाऊ गेला तेव्हा आम्ही सगळ्यांनी वहिनीला बोल लावला. पायगुण म्हणालो. मीही म्हणाले. ती बिचारी माहेरी गेली ती परत आली नाही. उद्या वसंताला काही झालं असतं, तर या पोरीकडे बोट दाखवायला मला तुमचा तो ग्रह आयता मिळाला असता. त्याचीच धास्ती होती मला." मग त्या नानांकडे वळल्या. "बापूरावांना असं कोरडं बसवून काय ठेवलंत? त्यांना नारळपाणी द्या, आणि तिथीचं बोला."

परतीच्या वाटेवर तरवाल्याने दुरूनच विचारले, "काय, उठला का तो पाव्हना?"

"उठला," बापूराव ओरडले. "शेजारच्या घरात गेला!"

लग्न ठरल्या तिथीला मुरुडला झाले. वसंतने पुढे कितीतरी वर्षे आगबोटीवर नोकरी केली आणि पाण्याने त्याला एकच त्रास दिला: वारा सुटला की बोट लागून त्याला उलट्या होत. इंदू त्याच्या खिशात आवळासुपारी घालून द्यायची. आमटीचे काय झाले ते मला ठाऊक नाही. नानांनी कधी तक्रार केली नाही.

दाजीशास्त्रींशी माझा स्नेह जडला. नेपच्यूनच्याही पलीकडे आणखी एक ग्रह सापडल्याचे तेव्हा वर्तमानपत्रांतून येऊन गेले होते. एकदा अलिबागेस आले असता त्यांनी विचारले, "मास्तर, त्या प्लूटोचा अर्थ काय धरायचा?"

मी म्हणालो, "सापडल्यापासून त्याने अजून एक राशीही पुरी केलेली नाही. तो घाई करीत नाही, मग आपण कशाला करायची?"

तेव्हापासून कुणीही दूरच्या ग्रहाची भीती घेऊन आला, की मी त्याचा अर्थ शेवटी पाहतो. आधी तो कुठून मोजला ते विचारतो. निम्मी भीती बहुधा तिथेच संपते. उरलेली निम्मी माणसांची असते. तिच्यासाठी पंचांगात रकाना नाही. ओटीवर बसून ऐकून घ्यावे लागते.